अपुऱ्या दिवसांचे बाळ घरी आल्यानंतर

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त कागल पंचतारांकित एमआयडीसी येथे झालेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचा संपादित मजकूर)



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात आपणासमोर चार शब्द मांडण्याची संधी मिळाली, याबद्दल मी संयोजकांचा मनःपूर्वक आभारी आहे. बालआरोग्यावर बोलावे असे त्यांनी सुचविले. हा विषय विस्तीर्ण आहे, म्हणून त्यातील एकच भाग मी निवडला आहे. अपुऱ्या दिवसांचे बाळ इस्पितळातून घरी आले म्हणजे त्याला काय पाजावे, किती पाजावे, कसे पाजावे आणि हे सारे त्याच्या आईला शक्य व्हावे यासाठी आपण, म्हणजे घरातील वडीलधाऱ्यांनी आणि या वसाहतीतील कारखानदारांनी काय करावे, एवढेच आज सांगायचे आहे.

गर्भधारणेचे 37 आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेल्या बाळाला वैद्यकशास्त्र अपुऱ्या दिवसांचे बाळ म्हणते. हा प्रकार विरळा आहे असे समजू नये. 2020 साली जगात सुमारे 1 कोटी 34 लाख बालके अशी वेळेआधी जन्मली आणि त्यांपैकी सुमारे 30 लाख एकट्या भारतातील होती. सातमासी मूल जगते, आठमासी जगत नाही, असा एक समज आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तो निराधार आहे. गर्भाशयात मिळालेला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या हिताचाच असतो. आठव्या महिन्यात जन्मलेले बाळ सातव्या महिन्यातील बाळापेक्षा निश्चितच सबळ असते.

अशी बालके वाचविण्याच्या सोयी आता आपल्या जिल्ह्यात आहेत. ज्याला आपण सारे 'सीपीआर' म्हणून ओळखतो, त्या कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे सर्वोपचार रुग्णालयात आणि अनेक खाजगी इस्पितळांतही नवजात बालकांसाठी स्वतंत्र अतिदक्षता विभाग आहेत. बाळ पेटीत ठेवले आहे, हे शब्द ऐकताच घराचा श्वास अडकतो. पुढे तीन-चार आठवड्यांनी बाळ पेटीतून बाहेर येते, स्वतः श्वास घेते, तोंडाने दूध घेऊ लागते, आणि डॉक्टर घरी जाण्यास अनुमती देतात. पेढे वाटले जातात. संकट टळले, असे सर्वांना वाटते. वस्तुतः याच दिवशी दुसरा उपचार सुरू होत असतो. काल परिचारिका घड्याळ लावून, मोजून दूध पाजत होती, रोज वजन करीत होती. आजपासून ते सारे काम घरावर आले. या उपचाराचे औषध एकच आहे, ते म्हणजे आईचे दूध. परंतु ते वेळेवर, मोजून आणि धीराने द्यावे लागते.

एवढी काळजी कशासाठी, हे प्रथम समजून घेऊ. गर्भातील शेवटच्या तीन महिन्यांत बाळ आईकडून लोह, कॅल्शियम आणि चरबी यांचा साठा घेत असते. वेळेआधी आलेल्या बाळाची ही शिदोरी अर्धवटच राहते. शिवाय दूध ओढणे, गिळणे आणि श्वास घेणे या तिन्ही क्रियांचा मेळ साधारण 34 आठवड्यांच्या सुमारास बसू लागतो. म्हणून असे बाळ स्तनाशी लावले की दोन-चार घोट घेऊन थकते आणि झोपी जाते. पोट भरले, असे समजून आई त्याला खाली ठेवते. प्रत्यक्षात ते दमलेले असते.

निसर्गाची योजना पाहा. अपुऱ्या दिवसांत प्रसूत झालेल्या मातेच्या दुधात सुरुवातीच्या आठवड्यांत प्रथिने आणि रोगप्रतिकारक द्रव्ये अधिक असतात. या दुधाचे मोल महाराष्ट्राने फार लवकर ओळखले. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 साली मातृदुग्धपेढी सुरू केली. आशिया खंडातील ती पहिली दुग्धपेढी मानली जाते. ज्या बाळाला स्वतःच्या आईचे दूध मिळू शकत नाही, त्यालाही डब्यातील भुकटीऐवजी दुसऱ्या मातेचे दूध मिळावे, ही त्यामागील भूमिका होती.

आता प्रत्यक्ष पाजण्याकडे वळू. रडल्याशिवाय आईही दूध पाजत नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या बाबतीत ही म्हण घराबाहेर ठेवावी. हे बाळ भूक लागली तरी रडेलच असे नाही, कारण रडण्यासाठीही शक्ती लागते. त्याला दर दोन ते तीन तासांनी, दिवसा आणि रात्रीही, उठवून पाजावे लागते. चोवीस तासांत 8 ते 12 वेळा पाजणे व्हायला हवे. झोपेतून उठविण्यासाठी दुपटे सैल करावे, तळपाय हलकेच चोळावेत, लंगोट बदलावा.

प्रमाणाचे एक उदाहरण देतो. घरी आलेल्या, वाढत्या बाळाला दर किलो वजनामागे दिवसाला साधारण 150 ते 180 मिलीलिटर दूध लागते. बाळाचे वजन 1800 ग्रॅम असेल आणि डॉक्टरांनी किलोमागे 160 मिलीलिटर सांगितले असेल, तर दिवसाचे 288 मिलीलिटर होतात. बारा वेळा पाजायचे तर प्रत्येक वेळी 24 मिलीलिटर, म्हणजे जवळजवळ पाच छोटे चमचे. वजन वाढेल तसा हा हिशेब बदलतो, म्हणून प्रत्येक तपासणीच्या वेळी नवे प्रमाण डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे.

बाळाला प्रथम अंगावर लावावे. ते थकले की उरलेले प्रमाण पिळून काढलेल्या दुधाने वाटी-चमच्याने अथवा बोंडल्याने पूर्ण करावे. आपल्या घरांतील बोंडले हे या कामासाठी उत्तम साधन आहे. मात्र त्याच्या चोचीत दूध साचून राहते, यास्तव प्रत्येक वेळी ते साबणाने धुऊन पाण्यात उकळलेच पाहिजे. स्टीलची वाटी आणि चमचा स्वच्छ करण्यास अधिक सोपे. बाळाला टेकवून, अर्धवट बसते धरून, दूध ओठाच्या कडेशी थोडे थोडे सोडावे, एकदम ओतू नये. बाटली वापरू नये. तिच्या निपलमध्ये जंतू वाढतात आणि बाळाची ओढण्याची सवयही बिघडते.

दूध पिळून काढण्याची कला इस्पितळातून निघण्यापूर्वीच आईने परिचारिकेकडून शिकून घ्यावी. हात स्वच्छ धुवावेत आणि उकळून कोरड्या केलेल्या झाकणाच्या स्टीलच्या भांड्यात दूध घ्यावे. दिवसातून किमान आठ वेळा आणि रात्री निदान एकदा तरी ते काढावे, कारण स्तन रिकामे होतात तेव्हाच नवे दूध तयार होते. असे दूध घरात झाकून चार तासांपर्यंत आणि फ्रिजच्या आतल्या भागात चोवीस तासांपर्यंत ठेवता येते. ते कधीही उकळू नये. कोमट पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवून त्याचा गारवा घालवावा.

दूध कमी येते, ही तक्रार बहुतेक वेळा सुटते. त्यावरचा एक उपाय विनाखर्चाचा आहे. 1978 साली कोलंबिया देशातील बोगोटा शहरात पेट्या अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा डॉ. एडगर रे यांनी बाळाला आईच्या उघड्या छातीशी त्वचेला त्वचा लावून बांधण्याची पद्धत सुरू केली. तिला आज कांगारू मातृसेवा म्हणतात. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि 2021 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जन्मानंतर लगेच ही पद्धत सुरू केलेल्या लहान बालकांतील मृत्यू एकचतुर्थांशाने कमी झाल्याचे दिसले. तिने बाळ ऊबदार राहते आणि आईचे दूधही वाढते. घरी आल्यावरही ती दिवसातून जितके तास जमेल तितके चालू ठेवावी. आई जेवत असताना, विश्रांती घेत असताना वडिलांनी किंवा आजीनेही बाळाला असेच छातीशी घ्यावे. यात वडिलांनी संकोच बाळगण्याचे काही कारण नाही.

बाळाला काय देऊ नये, हेही स्पष्ट सांगतो. गाईचे किंवा शेळीचे दूध, साखरपाणी, साधे पाणी, ग्राइप वॉटर, बाळगुटी यांपैकी काहीही नको. पाणी पाजले की तेवढी दुधाची जागा जाते. उगाळलेल्या गुटीतून जंतू जातात. अनेक घरांत जन्मताच मध चाटवितात. आपल्याकडे मध वर्ज्य असल्याने हा धोका सहसा टळतो, तरी शेजारधर्माने शेजारच्या घरीही सांगावे की एक वर्षाच्या आत कोणत्याही बाळाला मध देऊ नये. मधातील एका जंतूमुळे तान्ह्या बाळाला प्राणघातक आजार होऊ शकतो. तसेच बाळंतिणीच्या खोलीत शेकशेगडी पेटवू नये. कोळशाचा धूर या बाळांच्या कोवळ्या फुप्फुसांना सोसवत नाही, आणि धाप लागलेले बाळ दूध पिऊ शकत नाही.

काही वेळा सर्व प्रयत्न करूनही आईचे दूध अपुरे पडते आणि डॉक्टर डब्यातील दूध लिहून देतात. त्या मातेला दोष देऊ नये. परंतु डब्यावर लिहिलेले पाणी आणि भुकटीचे प्रमाण तंतोतंत पाळावे. डबा अधिक दिवस पुरावा म्हणून दूध पातळ करणे म्हणजे बाळाला उपाशी ठेवणे होय. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय मात्र डबा घरात आणूच नये. 1992 च्या कायद्याने आपल्या देशात अशा डब्यांच्या जाहिरातीवर बंदी घातलेली आहे, ती विनाकारण नव्हे.

आईच्या दुधासोबत काही औषधे आवश्यक असतात. ड जीवनसत्त्वाचे थेंब आणि दोन ते चार आठवड्यांच्या वयापासून लोहाचे थेंब डॉक्टर सांगतात. फार लहान बाळांसाठी आईच्या दुधात मिसळायची पोषक भुकटीही देतात. लोह सुरू झाले की बाळाची शी काळसर होते. ते पाहून अनेक घरांत औषध बंद केले जाते. तसे करू नये. हा रंग औषधाचा आहे.

आता मातेच्या आहाराविषयी. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर यांनी आईचे बळ भरून येते. ते जरूर द्यावेत, परंतु त्यांच्या जोडीला दोन्ही वेळचे पोटभर वरण, भात, भाकरी, पालेभाजी, दूध आणि ताक हवे. बाळंतिणीला पाणी कमी देण्याची पद्धत सोडावी आणि तहान लागेल तेवढे पाणी द्यावे. आपल्या समाजात रात्रीच्या अन्नपाण्याचा त्याग श्रद्धेने पाळला जातो. मी धर्माचा अभ्यासक नाही. परंतु सोळाकारण भावनांत तप आणि त्याग हे दोन्ही शक्तीनुसार करावयास सांगितले आहेत, हे आपण सर्वजण जाणता. रात्री तीन-तीन वेळा उठून दूध काढणाऱ्या मातेची शक्ती किती आणि तिने काय पाळावे, याचा निर्णय घरच्या सासूबाईंनी तिच्यावर न लादता, तिला विचारून, आपल्या गुरुजनांच्या आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावा. ती स्वतः संकोचाने हे कधीच बोलणार नाही.

पोषण नीट चालले आहे हे कशावरून ओळखावे? बाळ दिवसातून सहा ते आठ वेळा लघवी करते काय, ते पाहावे. आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, उघडे वजन करावे. दिवसाला सरासरी 20 ते 30 ग्रॅम, म्हणजे आठवड्याला 150 ते 200 ग्रॅम वाढ समाधानकारक समजावी. बाळ दूध ओढेनासे झाले, सुस्त पडले, त्याचे अंग व तळपाय गार पडले, श्वास मिनिटाला 60 च्या वर गेला किंवा मध्येच थांबला, पोट फुगले, हिरवी उलटी झाली, तळहात-तळपाय पिवळे झाले किंवा झटका आला, तर सकाळची वाट पाहू नये. 108 क्रमांकाला दूरध्वनी करावा आणि बाळाला छातीशी धरूनच इस्पितळ गाठावे.

घरी येणाऱ्या आशाताईंविषयी दोन शब्द. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातीलच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिक्षण दिले. त्यांनी घरोघर जाऊन नवजात बालकांची ऊब, आहार आणि जंतुसंसर्ग यांकडे लक्ष दिले. 1999 साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालानुसार तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण 62 टक्क्यांनी घटले. 2011 पासून हीच पद्धत देशभर आशा कार्यकर्त्यांमार्फत राबविली जात आहे. इस्पितळात प्रसूती झाली असल्यास त्या 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येतात. आमचे खाजगी डॉक्टर आहेत, असे म्हणून सुखवस्तू घरांतून त्यांना दारातूनच परत पाठविले जाते. कृपया तसे करू नये. त्यांच्या पिशवीत वजनकाटा असतो आणि त्यांच्याजवळ वेळ असतो. या दोन्ही गोष्टींची आपल्याला गरज आहे.

उष्टावण कधी करावे, हाही प्रश्न नेहमी विचारला जातो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे वय दोन प्रकारे मोजतात. लसीकरण जन्मतारखेप्रमाणे होते. वाढ आणि वरचा आहार यांसाठी मात्र डॉक्टरांनी दिलेल्या प्रसूतीच्या मूळ तारखेपासून वय मोजावे. 34 आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बालकांचा अभ्यास भारतातील तीन सरकारी रुग्णालयांत झाला आणि 2017 साली प्रसिद्ध झाला. मूळ तारखेपासून चार महिन्यांनीच वरचे अन्न सुरू केलेल्या बालकांना, सहा महिने थांबलेल्या बालकांपेक्षा अधिक वेळा इस्पितळात दाखल करावे लागले. म्हणून उष्टावणाचा मुहूर्त मूळ तारखेपासून सहा महिने मोजून धरावा.

हाच हिशेब आपल्याला या वसाहतीच्या दारापर्यंत आणतो, आणि माझ्या भाषणाचा खरा मुद्दाही येथेच आहे. कसबा सांगाव, तळंदगे, पट्टणकोडोली, हुपरी, कागल येथून शेकडो भगिनी येथील कारखान्यांत आणि कार्यालयांत कामाला येतात. 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची भरपगारी प्रसूतिरजा मिळू लागली. नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती कायम आहे. पूर्ण दिवसांच्या बाळाची आई प्रसूतीपासून ही रजा घेते, तेव्हा रजा संपताना बाळ सहा महिन्यांचे होते आणि वरचे अन्न सुरू होते. परंतु 32 व्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाचे काय? रजा संपते त्या दिवशी मूळ तारखेप्रमाणे त्याचे वय अवघे 18 आठवडे असते. त्याला आणखी आठ आठवडे केवळ आईचेच दूध हवे असते. शिवाय रजेतील पहिला महिना आईने इस्पितळाच्या व्हरांड्यात काढलेला असतो. ज्या बाळाला आईची सर्वांत अधिक गरज आहे, त्याच्याच वाट्याला ती सर्वांत कमी येते.

अकाली प्रसूतीमुळे मातेला आजारपण आले, तर दाखला देऊन एक महिन्यापर्यंत जादा भरपगारी रजा देण्याची तरतूद कायद्यात आहे. पुष्कळ भगिनींना आणि काही व्यवस्थापकांनाही ती ठाऊक नसते. तथापि ही रजा मातेच्या आजारासाठी आहे, बाळाच्या अशक्तपणासाठी नाही. उरलेली आठ आठवड्यांची दरी कायदा भरून काढत नाही. ती भरून काढणे आपल्या हातात आहे.

या सभागृहात कारखानदार आहेत, व्यवस्थापक आहेत, ठेकेदारही आहेत. त्यांना माझी विनंती अशी की, इस्पितळाच्या कागदावर बाळ किती आठवड्यांचे जन्मले हे लिहिलेले असते. जितके आठवडे ते लवकर आले, तितके आठवडे मातेची नोकरी राखून ठेवावी, मग ती रजा बिनपगारी का असेना. ठेकेदारामार्फत काम करणाऱ्या भगिनीलाही हाच नियम लावावा. ज्यांचे काम घरून होण्यासारखे आहे त्यांना तशी मुभा द्यावी, कायद्यालाही ते मान्य आहे. कामावर परतलेल्या मातेला मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत नेहमीच्या सुट्टीखेरीज रोज दोन वेळा स्तनपानासाठी अवकाश देणे बंधनकारक आहे. पन्नास किंवा अधिक कामगार असतील तेथे पाळणाघराची सोय हवी. परंतु जेथे दहाच भगिनी आहेत तेथेही आतून कडी लागणारी एक छोटी खोली, हात धुण्याची सोय, एक खुर्ची आणि एक लहान फ्रिज एवढे सहज देता येईल. आठ तासांच्या पाळीत मातेने तीन वेळा दूध काढले, तर घरी बाळाला दुसऱ्या दिवशीचे दूध मिळते आणि तिचे दूध आटत नाही. अशी खोली नसेल तर ती भगिनी स्वच्छतागृहात उभी राहून दूध सिंकमध्ये सोडून देते. एका किलोच्या बाळाला मोजून पाजलेल्या दुधाची ज्यांना किंमत ठाऊक आहे, त्यांना हे दृश्य पाहवत नाही.

संस्थेलाही एक सूचना करतो. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने बाळांच्या वजनाचे दोन-तीन अचूक काटे आणि दूध काढण्याची काही यंत्रे घेऊन ती गरजू घरांना, जातिधर्म न पाहता, तात्पुरती वापरण्यास द्यावीत. यंत्राचा दुधाला लागणारा भाग प्रत्येकीला नवा द्यावा. याला फार मोठा निधी लागणार नाही.

पेटीतून बाहेर आलेल्या बाळाला वाचविण्याचे काम डॉक्टरांनी केलेले असते. त्याला वाढविण्याचे काम त्याची आई करीत असते, रात्री दोन वाजता, वाटी-चमचा हातात घेऊन. तिला झोप, अन्न, पाणी आणि थोडे आठवडे मिळवून देणे एवढेच आपले काम आहे. ते आपण कराल, असा मला विश्वास वाटतो.